तिसगावहून जपून आणलेले हात

माळीवाड्याच्या स्टँडवरून पाथर्डीची एस.टी. सकाळी सुटायची. त्या दिवशी तिच्यात अशी एक मुलगी बसली होती, की आज ती मला भेटली तर मी तिच्या शेजारी बसणार नाही. वीस वर्षांची, अंगावर कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, मांडीवर कापडात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र आणि चेहऱ्यावर असा भाव, की स्वर्गातून खास तिच्या नावानं तार आली आहे. ती मुलगी म्हणजे मी. साल त्र्याहत्तर, दुष्काळाचं दुसरं, महिना एप्रिलचा.

मी निघाले होते आत्म्याचं दान मिळवायला. आमच्या चर्चच्या मंडळीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पवित्र आत्मा माणसांना निरनिराळी दानं देतो, असं आम्ही ख्रिस्ती लोक मानतो. कुणाला शिकवण्याचं, कुणाला संदेश सांगण्याचं, कुणाला अनोळखी भाषेत प्रार्थना करण्याचं, कुणाला आजाऱ्यांना बरं करण्याचं. त्या हिवाळ्यात नगरला एक पाहुणे उपदेशक आले होते. दानांची इच्छा धरा, त्यांच्या मागे लागा, असं ते फार तळमळून सांगून गेले. मी लगेच मागे लागले. आधी भाषेच्या. न्हाणीघराचं दार लावून बरेच दिवस खटपट केली. तोंडातून निघालं काय, तर गल्लीतल्या भांडीवाल्याचं मोडकंतोडकं हिंदी. बाहेरून आईनं विचारलं, "अगं, आत कोण आलंय?" तो नाद तिथेच सुटला.

मग आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेऊन सांगितलं, घरी न्या, मागतील ते खायला द्या. त्या दिवसापासून मला एकच दान हवं होतं, बरं करण्याचं, आणि तेही एकाच माणसापुरतं.

तिसगावच्या पुढे एका वस्तीवर राहेलमावशी नावाची विधवा राहायची. तिनं हात ठेवून प्रार्थना केली की माणसं उठतात, असं मंडळीत बोललं जाई. तिच्या गावचा अंथरुणाला खिळलेला एक गडी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, चालत आलेला मी स्वतः पाहिला होता. आईला एवढा प्रवास झेपला नसता. मावशीला निरोप धाडला, पण त्याचं उत्तर आलं नाही. तेव्हा मी अक्कल लढवली. आपणच जावं, तिचं दान आपल्या हातांत उतरवून घ्यावं आणि घरी आणावं. गवळ्याकडून चरवी भरून आणावी तसं.

बाबांनी काही न विचारता भाड्याचे पैसे दिले. आई खाटेवरून म्हणाली, "तिकडून येताना काही आणू नकोस गं. तिकडच्या लोकांकडे काही उरलेलं नाही."

ते खरंच होतं. नगर मागे पडलं, डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसून गेला आणि पुढे सगळा मुलूख सोलून ठेवल्यासारखा होता. बाभळींचा पाला माणसांनी शेरडांसाठी ओरबाडून नेलेला. विहिरींच्या काठावर पोहरे पालथे पडलेले. रस्त्याच्या दोन्ही कडांना खडीचे ढीग आणि ढिगांमागे अख्खी गावंच्या गावं दगड फोडत बसलेली. गाडी गेली की धुरळ्यातून ती माणसं मान वर करायची आणि परत खाली घालायची.

शेजारी पटका बांधलेले एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, "कुनाकडं निघाली, बाय?"

"राहेलबाईंकडे. प्रार्थनेसाठी."

"पावसाच्या?"

"नाही. माझ्या आईसाठी."

त्यांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "जाता जाता पावसाचं बी सांगून ठिवा. तुमचा देव येगळा हाय, त्याला अजून कुनी इचारलं नसंल."

एवढी फट मला पुरे होती. करंजी घाट लागेपर्यंत मी त्यांना आत्म्याची सगळी दानं समजावून दिली. ते केव्हाच झोपले होते. झोपेचं दान त्यांना भरपूर मिळालेलं दिसलं.

तिसगावात त्या दिवशी बाजार होता. विकायला आलेले खूप आणि घेणारे थोडे. जनावरांच्या बरगड्या लांबून दिसत होत्या. त्यांच्यामधून मी पातळाच्या निऱ्या सावरत, नाकाला रुमाल लावून गेले. अशा थाटात मी स्वर्गीय दान घ्यायला निघाले होते.

राहेलमावशी घरी नव्हती, दुष्काळी कामावर होती. माझ्या मनात तिचं एक चित्र होतं: पांढरं वस्त्र, शांत मुद्रा, जमलं तर डोक्याभोवती थोडा उजेड. प्रत्यक्षात बोटांना चिंध्या बांधलेली, धुळीनं पापण्या पांढऱ्या झालेली एक बाई दगडावर हातोडा घालत होती. मी सलाम केला आणि उभ्या उभ्याच मागणं सांगितलं.

"आन मी काय करू?" ती हातोडा न थांबवता म्हणाली.

"माझ्यावर हात ठेवा. बरं करण्याचं दान मला मिळावं म्हणून."

"नगरात देव न्हाई व्हय?"

"आहे, पण…"

"मंग बस सावलीला. सुटी व्हऊ दे."

सावली कुठेच नव्हती. मी खडीच्या ढिगावर बसले. लगेच उठले. खडी तापली होती.

संध्याकाळी तिच्या घरी मिलोची (परदेशातून मदत म्हणून आलेली लाल ज्वारी) भाकरी खाल्ली. ती भाकरी थापताना तुटते आणि खाताना घशात अडकते. सोबत मिरचीचा ठेचा आणि कामावर मिळालेली मूठभर सुकडी (पिठाचा गोडसर भुगा). ती सुकडी मावशीनं सगळी माझ्या ताटात घातली. मी सगळी खाल्ली. तिला उरली का, हे बघायचं मला सुचलं नाही. मी आत्मिक गोष्टींत गढलेली होते ना.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "पोरी, तुझा निरोप मला मिळाला हुता. म्या मुद्दामच उत्तर धाडलं न्हाई."

"का?"

"मागल्या वर्साला माझी लेक गेली. ह्याच हातांत. त्या गड्यावर हात ठिवला, तो उठला. लेकीवर ठिवला, ती न्हाई उठली. का, ते मला ठावं न्हाई. लई इचारलं मी. तवापास्नं कुनावर हात ठिवला न्हाई."

ह्यावर वीस वर्षांच्या शहाणीनं काय करावं? तिनं राहेलमावशीला विश्वासाविषयी चार गोष्टी सांगितल्या. आठवलं की अजून कानशिलं तापतात. मावशीनं त्या ऐकून घेतल्या आणि चुलीतली राख सारत राहिली. मग मात्र माझा धीर सुटला. मी म्हणाले, "मावशी, माझी आई मरतेय," आणि हुंदके देऊन रडायला लागले.

"रडू नको," ती म्हणाली. "पानी कमी हाय."

सकाळी ती कामावर निघाली तेव्हा मी दारात तशीच उभी होते. तिनं पाटी खाली ठेवली आणि आपल्या चिंध्या बांधलेल्या हातांत माझे दोन्ही हात घेतले. मग हळूच म्हणाली, "बापा, हिच्या आईकडं बघ. आन हिचे हात कामाला लाव. आमेन."

एवढंच. मी डोळे मिटून वाट पाहिली. ऊब नाही, झिणझिण्या नाहीत. डोळे उघडले तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "जपून ने हां. वाटंत सांडशील."

ती चेष्टा होती. शेजारच्या दारातल्या शेरडालाही कळली असेल. मी मात्र ती शब्दशः घेतली.

परतीचा प्रवास मी हात पदरात गुंडाळून, पोटाशी धरून केला. कशाला स्पर्श करायचा नाही, सगळं आईसाठी ठेवायचं. कंडक्टर आला तर त्याला म्हणाले, "पिशवीत पैसे आहेत, तुम्हीच घ्या." तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. समोरच्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली, "महारोग दिसतोय." आणि दोघी सरकून बसल्या. प्रभूसाठी अपमान सोसल्याच्या आनंदात मी मान ताठ केली.

ते ऐकून माझ्या शेजारी कुणी बसेना आणि ती जागा मोकळीच राहिली. तिथे एक तरुण बाई येऊन बसली. तिच्या मांडीवर वर्षा-सव्वा वर्षाचा मुलगा होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. तो रडत नव्हता. रडला असता तर बरं वाटलं असतं.

"जुलाब हायेत," ती म्हणाली. "पोटात पानी ठरंना. नगरला सरकारी दवाखान्यात निघालेय." थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, जरा घेता का वं ह्याला? रातभर डोळ्याला डोळा न्हाई. हात गळून गेलेत माझे."

हातांत जे होतं ते आईचं होतं. ह्या पोराला धरलं की इथेच संपणार. मी खिडकीबाहेर बघितलं आणि मनातल्या मनात देवाशी भांडले, की ह्या मुलाला गाडीत दुसरी जागा नव्हती का? मग तडजोडीवर आले. डावा हात बाळाला दिला आणि उजवा आईसाठी ठेवला तर? हसू नका. मी खरोखर हा विचार केला, आणि पदराखाली डावा हात सोडवायलाही लागले.

"माझ्या हातांना… जरा…" मी पुटपुटले.

"असू द्या, असू द्या," ती म्हणाली. तिनं मला काही विचारलं नाही.

घाटात तिची मान खाली पडली. गाडीनं वळण घेतलं आणि पोर तिच्या मांडीवरून घसरलं. माझे हात विचारायला थांबले नाहीत. दोन्ही हातांनी मी त्याला झेललं आणि छातीशी धरलं. त्याचं वजन उशीइतकंही नव्हतं.

झालं. सगळं सांडलं.

ती दचकून जागी झाली, पोर माझ्याकडे आहे असं बघून माझ्या खांद्यावर डोकं टाकून पुन्हा झोपली. पोरानं माझं पांढरं पातळ घाण केलं. पुढच्या दोघींनी नाकाला पदर लावला. मला मोठी प्रार्थना सुचली नाही. "ए राजा, ए बाळा," एवढंच नगरपर्यंत म्हणत राहिले. मधे एकदा त्यानं माझं बोट धरलं, मग सोडलं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत मीच त्याला नेलं. तिनं त्याला घेतलं, "भलं व्हईल तुमचं," म्हणाली आणि आतल्या गर्दीत शिरली. मी नाव विचारलं नाही.

घरी आले तेव्हा आई जागी होती. माझ्या पातळाकडे बघून तिनं विचारलं, "काही आणलंस?"

मी खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं. मावशीची लेक, हात, गाडी, ते पोर. "तुझ्यासाठी आणलं होतं आई, वाटेतच गेलं."

आईला हसू आलं. हसताना पोटात कळ आली म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही."

"वेंधळी." ती जराशी कुशीवर वळली. "बरं, ठेव हात. रिकामे चालतील."

मी तिच्या पाठीवर हात ठेवले. दुखणं गेलं नाही. पण रोज संध्याकाळी ती म्हणायची, ठेव, आणि मी ठेवायची. हात ठेवला की ती आधी त्या पोरासाठी प्रार्थना करायची. 'बसमधला' हे त्याचं नाव तिनंच पाडलं. स्वतःसाठी तिनं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

आता माझी नात दानांच्या मागे लागली आहे. परवा विचारत होती, "आजी, तुला कोणतं दान मिळालं?" मी तिला म्हटलं, मला एकदा मिळालं होतं की नव्हतं, हेच अजून कळलेलं नाही. तिला ते उत्तर पटलं नाही. मलाही विसाव्या वर्षी पटलं नसतं. तिसगावकडची गाडी दिसली की उतरणाऱ्यांत पन्नाशीचा माणूस आहे का, ते मी अजून बघते.

त्या वर्षी मे संपायच्या आत आई गेली. शेवटच्या दिवशी तिला फारसं बोलता येत नव्हतं. माझे हात तिच्या पाठीशी होते. तिनं विचारलं, "बसमधला काय म्हणतोय?"

मला काय ठाऊक असणार? मी म्हणाले, "बरा आहे, आई."

"मग झालं," ती म्हणाली.