फोनमधली बाई

माझा आवाज चांगला आहे, असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. शाळेत कविता म्हणायला उभी राहिले की बाई मागून "मोठ्यानं, मोठ्यानं" करायच्या. चाळिशी उलटल्यावर मात्र तोच आवाज निवडला गेला. मी आरोग्याच्या एका संशोधन प्रकल्पात पर्यवेक्षिका होते. त्यात खेड्यातल्या बायकांना रेकॉर्ड केलेले फोन जायचे होते. लोहाच्या गोळ्या, बाळाची लस, पुढचं इंजेक्शन, अशी सगळी आठवण फोननं करायची. आधी पुण्याहून एका निवेदिकेचा आवाज मागवला होता. प्रकल्पाच्या गावांतल्या बायका म्हणाल्या, ही तर बातम्या सांगते. मग आमच्या प्रमुख मला म्हणाल्या, "तुम्हीच बोला हो. तुमचं बोलणं इथलं वाटतं, घरातलं."

शहरात, गारखेड्यातल्या आमच्या ऑफिसात खिडक्या लावून, पंखा बंद करून, घाम पुसत मी ते संदेश वाचले. "नमस्कार ताई, दवाखान्यातून बोलते आहे." घरी मुलगी चिडवायची. मी जेवायला हाक मारली की म्हणायची, "वरणासाठी एक दाबा, भाजीसाठी दोन दाबा." मला रागही यायचा नाही. खरं सांगायचं तर मला त्या आवाजाचा अभिमान होता.

ती मला भेटली कन्नडच्या पुढे, घाटाखालच्या एका गावात. पंचविशीची असेल. दोन मुली होत्या. धाकटीच्या वेळी खूप रक्त गेलं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की आता काही वर्षं थांबा, पुढचं बाळंतपण अंगावर बेतेल. घरात मुलगा हवा होता. म्हणून ती घरात न सांगता पाळणा लांबवायचं, तीन महिन्यांचं इंजेक्शन घ्यायची. आठवडी बाजाराला कन्नडला जायचं, भाजी घ्यायची, येता येता दवाखान्यात शिरायचं. बरोबर गावातली आशाताई असायची. आशाताई हे तिचं नाव नव्हे, कामाचं नाव. गावच्या आरोग्याचं सगळं तीच बघायची.

शाळेच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहून आम्ही तिची माहिती टॅबमध्ये भरत होतो. फोन नंबरचा रकाना आला तशी ती म्हणाली,

"ताई, बाकी सगळं लिहा. नंबर नका टाकू."

"नंबराशिवाय पुढचं पान उघडत नाही गं."

"फोन सासूच्या कमरंला असतो, पिशवीत. माहेरी बोलायचं म्हणलं तरी त्या बाजूला बसून ऐकतात."

आशाताई म्हणाली, "माझा टाका हो म्याडम. फोन आला की मी सांगीन हिला. आमची दारं समोरासमोर. हिच्या घरातलं मीठ संपलं तर हिच्या आधी मला कळतं."

"व्हय, अन् साखर संपली तर हिच्या घरातली आधी संपते," ती म्हणाली आणि दोघी हसल्या.

मी आशाताईचा नंबर टाकला. त्यात नवल काहीच नव्हतं. जिच्याकडे स्वतःचा फोन नाही तिच्या नावापुढे आशाताईचा नंबर, असंच गावोगावी चाललं होतं. लिहून दिलेल्या नियमांत ते कुठंच नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांचं काम निघत होतं.

मग दिल्लीहून मंडळी पाहणीला येणार असं ठरलं. प्रमुखांनी मला बोलावून स्क्रीन दाखवला. एकेका नंबरावर बायकांची रांगच्या रांग लागली होती. "हे बघून ते काय म्हणतील? आशांनी घरात बसून खोटी नावं भरली म्हणतील. सोमवारच्या आत साफ करा." साफ करणं सोपं होतं. आधीच्या घरोघरच्या पाहणीत प्रत्येक कुटुंबाचा नंबर घेतलेला होता. तो उचलायचा आणि आशाताईच्या नंबराच्या जागी ठेवायचा.

रविवारी दुपारी मी घरीच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. बाजूला निवडायची मेथी होती. आधी जिल्ह्याच्या नावाचा घोळ निस्तरला, अर्ध्या नोंदींत औरंगाबाद, अर्ध्यांत नवं नाव. मग नंबर घेतले.

हा प्रसंग मी पुढे ज्यांना सांगितला, त्यांना असं सांगितलं की तो घाऊक बदल होता, नावं कोण बघत बसतं. ते खरं नाही. मी एकेक नाव बघत होते. तिचं नाव आलं आणि माझा हात थांबला. शाळेची भिंत आठवली, सासूच्या कमरेची पिशवी आठवली. बाकीचे बदलून तिचा एकटीचा राहू दिला असता, तर आशाताईच्या नंबरापुढे एकच नाव उरलं असतं. त्याला कुणी हटकलंही नसतं. हे मला तेव्हा कळत होतं. पण मनात आलं, एकीला वगळलं आणि कुणी विचारलंच तर काय सांगायचं? आणि खरं कारण त्याहून साधं होतं. हाताला लय लागली होती, काम संपत आलं होतं, मेथी वाळत होती. मी नंबर बदलला आणि पुढच्या नावावर गेले.

पाहणी झकास झाली. कन्नडकडच्या बायका फोन मध्येच ठेवत नाहीत, शेवटपर्यंत ऐकतात, असं पडद्यावर दिसत होतं. नोंदीपुढे "पूर्ण ऐकला" असं हिरव्या अक्षरांत यायचं. पाहुण्यांपैकी एकानं माझ्याकडे बघून टाळी वाजवल्यासारखं केलं. मी लाजले.

पुढे हिवाळ्यात त्या गावी गेले तेव्हा सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं.

"या, म्याडम, या. तुमच्या हापिसातली ती फोनमधली बाई लई गोड बोलती बरं का."

"हो का?"

"व्हय तर. मला म्हणती, ताई, तुमच्या पाळणा लांबवायच्या इंजेक्शनची वेळ झाली. मी म्हणलं, बाई गं, माझं वय बघ, माझा कसला पाळणा! कुणाचं इंजेक्शन? तर ती आपली बोलतच राहिली. मी इचारते, इचारते, अन् ती ऐकूनच घेईना. शेवटाला धन्यवाद म्हणली अन् गेली."

त्या खूप हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. पूर्ण ऐकला म्हणजे काय, ते मला त्या अंगणात कळलं.

"मग पुन्ना आला फोन," सासूबाईंचा आवाज खाली आला. "तवा लेकानं स्पीकरवर टाकला. कळलं मग, कुणाचं इंजेक्शन ते."

बाजाराला जाणं बंद झालं होतं. ती आतून चहा घेऊन आली तेव्हा तिचं पोट दिसत होतं. सासूबाई पाखडलेली तूर आत ठेवायला उठल्या, तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, फोनमधला आवाज तुमचाच ना?"

"हो."

"मी वळखला. तुमचा काय दोष, तुम्ही आधीच बोलून ठेवलेलं." तिनं समोरच्या दाराकडे हनुवटी केली. ते दार लोटलेलं होतं. "नंबर तिनं दिला घरचा. तिच्याच भरवशावर मी जात होते. आता तोंड नाय बघत मी तिचं."

मी तिथं बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. मी म्हणाले, "बघते मी काय झालं ते."

एसटीच्या थांब्यावर आशाताई मला गाठायला धावत आली. "म्याडम, तुम्हाला तर ठाव आहे, नंबर माझाच टाकलेला. तुम्ही सांगा की तिला. दारातून जाते तर थुंकल्यासारखं करते हो." मी तिला म्हणाले, मशीनमध्ये काहीतरी गडबड झाली असेल. तिनं मान हलवली. एवढ्यात बस आली आणि मी चढले. बस आल्याचं मला किती बरं वाटलं, ते आजही आठवतं.

तिच्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी घरात सासू आणि मुलीच होत्या. समोर हाक मारली असती तर आशाताईनं रुग्णवाहिका बोलावली असती, ते तिच्या रोजच्या कामातलंच होतं. हाक मारली नाही. जीप शोधता शोधता दिवेलागण होऊन गेली. कन्नडहून तिला शहरात पाठवलं. मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा ती वाचली होती, पण गर्भाशय काढावं लागलं होतं. चेहरा कागदासारखा. शेजारी मुलगा झोपला होता.

सासूबाईंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "तुमच्या फोनमुळं नातू बघितला, म्याडम." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, सून वाचली म्हणूनही असेल. त्या वाईट नव्हत्या. मी तो पेढा खाल्ला.

त्यानंतर मी त्या गावाचं काम दुसऱ्या पर्यवेक्षिकेकडे सोपवलं. कारण सांगितलं, गुडघे दुखतात. प्रकल्प संपला, मीही ती नोकरी सोडली. फोन मात्र चालूच राहिले. माझा आवाज अजून जातो म्हणे, वैजापूरकडच्या गावांतही जातो. मागे माझ्याच मावसबहिणीला गेला. ती कौतुकानं म्हणाली, "अगं, तुझ्यासारखीच कुणीतरी बोलत होती!" मी म्हणाले, असेल.

मागच्या महिन्यात मी कन्नडची बस धरली. कुणी बोलावलं नव्हतं. मुलगा अंगणात धावत होता. सासूबाई शेतात होत्या. ती थकलेली दिसली, उठताना भिंतीला धरून उठते. तिच्याकडे आता स्वतःचा फोन आहे, भावानं दिलेला. समोरचं दार होतं तसंच लोटलेलं.

मी बसले आणि पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. नंबर आशाताईनं दिला नाही. मी बदलला. चुकून नाही. तुझं नाव वाचून, तुझं बोलणं आठवून, तरी बदलला. आणि नंतर तिच्यावर आळ येतोय हे दिसूनही गप्प राहिले.

ती मुलाकडे बघत होती. ती रडेल किंवा मला हाकलून देईल, असं वाटलं होतं. मला वाटतं, मला तेच हवं होतं.

"पोरगं झालंय," ती म्हणाली. "त्याला नको म्हणता येत नाय आता. तुम्हाला काय म्हणू?"

"काहीही म्हण."

"नाय म्हणत. मला कशाला सांगता? तिला सांगितलं का?"

मी मान हलवली. नाही.

"त्या दिवशी मला कळा येत होत्या अन् तिचा दिवा लावल्याला दिसत होता. मी हाक नाय मारली. माझी माय वारली तवा ती दारात येऊन उभी राहिली, मी आत बोलावलं नाय." तिचा आवाज चढला नाही. "हे तुमच्यामुळं, ताई. बाळंतपणाचं राहू द्या. हे सांगते मी."

मी म्हणाले, मी आत्ता जाते समोर. ती म्हणाली, "घरात नाय ती. लसीकरणाला गेली असंल." मग तिनं फोन काढला. आशाताईचा नंबर तिनं काढून टाकला नव्हता, एवढं मी बघितलं. तिनं तो लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन आमच्या दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला.

"बोला," ती म्हणाली. "फोनवर बोलता येतं ना तुम्हाला."

रिंग वाजत राहिली. मग पलीकडून बाळांच्या रडण्याच्या गलक्यातून आशाताईचा आवाज आला. "हॅलो? कोण? अगं, तू हायेस का?"

तिनं फोन माझ्या बाजूला सरकवला. माझ्याकडे बघत राहिली.

"आशाताई," मी म्हणाले, "फोन तिचा आहे, पण बोलते मी. ठेवू नका. मला पूर्ण सांगायचं आहे, आणि मध्येच काही विचारलंत तर मी थांबेन."