खडकाखालची वाळू

बंगळुरूत जयनगरकडच्या पळणाऱ्या मंडळींचा एक रिवाज आहे. तळ्याच्या फाटकापाशी दगडी खांब आहे. पळायला सुरुवात करताना त्याला हात लावायचा आणि तळ्याला पूर्ण वळसा घालून दुसऱ्या बाजूने आलं की पुन्हा लावायचा. जो अर्ध्यातून परत फिरेल त्याने हात खिशात घालून खांबाजवळून जायचं. मग इडलीच्या गाडीवर कोणीतरी विचारतंच, "काय, आज थंडी फार होती वाटतं?"

स्वानंदीवर ती वेळ कधी आली नव्हती. मूळची ती नागपूरची, नोकरीसाठी बंगळुरूला आलेली. बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात बसून दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. लग्न झालं होतं, ते मोडलं. फ्लॅट भाड्याचा होता, खुर्ची कंपनीची होती. स्वतःचं म्हणावं असं तिच्यापाशी पळणं तेवढं होतं.

तेही गुडघ्याच्या डॉक्टरांनी एका सकाळी काढून घेतलं. उजव्या गुडघ्यातली गादी झिजली होती.

"पळणं बंद करा. चाला, पोहा."

"एकदाच, शेवटचं?"

"विचारताय म्हणून सांगतो, नको."

तिने यातलं 'एकदाच' तेवढं सोबत घेतलं, आणि ते तिचं स्वतःचंच होतं.

कुमट्याच्या पुढे समुद्राकाठी एक वाट तिने कधीची हेरून ठेवली होती. गावातून टेकडी चढायची, माथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावरून पलीकडे उतरायचं आणि एकामागून एक निर्मनुष्य पुळणी ओलांडत किनाऱ्याने परत गावात यायचं. शेवटच्या पुळणीत आणि गावात एक मोठा खडक आडवा होता. पण उपग्रहाच्या फोटोत त्याच्या पायाशी वाळूची पांढरी पट्टी स्वच्छ दिसत होती. ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर तिने पट्टीवरून रेघ ओढली आणि रेघेची दोन्ही टोकं जुळली.

प्रतापरावांना तिने ते दाखवलं. ते सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर, घराणं सोलापूरकडचं, पण तीन पिढ्या इथे गेलेल्या. तिला पळायला त्यांनीच शिकवलं होतं.

"भिंतीवर एवढी पदकं लटकतायत की गं अक्का. पुरे की आता."

"ती गर्दीतली आहेत, काका. एक फेरी मला एकटीची हवीय."

"सरी, जाऊ या. पण गाडी मी चालवणार. माझे गुडघे तर माझ्याआधीच रिटायर झाले. तुझे कुठे राजीनामा देतील, काय नेम?"

दोघांनी नकाशा पुन्हा पुन्हा पाहिला. चढ पाहिले, प्यायचं पाणी कुठे मिळेल ते पाहिलं. समुद्राचं पाणी दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही. दोघांचंही पळणं तळ्याकाठी झालेलं, आणि तळं आपली कड सोडून कुठे जात नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी दोघं त्या गावी पोचले. गावच्या पुळणीवर एक वाकडा माड होता. "आपला खांब," प्रतापराव म्हणाले. स्वानंदीने त्याला हात लावला आणि निघाली.

टेकडीवर गुडघा गप्प होता. सड्यावर वाळलेलं गवत, खाली निळं पाणी, आणि माणूस म्हणून कोणी नाही. पलीकडे उतरताना गुडघ्यात पहिली कळ आली. वाळूत ती वाढत गेली. तरी ती पळत राहिली, कारण हे असं पुन्हा होणार नव्हतं. शेवटच्या पुळणीवर आली तेव्हा पाय फरफटत होता, पण खडकामागे माडांचे शेंडे दिसत होते.

खडकापाशी वाळू नव्हती. भरतीचं पाणी थेट दगडावर आपटत होतं आणि फेस तिच्या डोक्याच्या वर उडत होता. तिने मोबाइलमध्ये फोटो पुन्हा पाहिला. पट्टी होती. फोटो ओहोटीच्या वेळचा होता, एवढंच. दिवसभर चुका शोधणाऱ्या बाईला ही सापडली नव्हती.

वर चढावं तर कडा सरळसोट होता. मागे फिरावं तर सगळी वाट पुन्हा तुडवायची, ती या पायाने होणार नव्हती. मोबाइलला रेंज नव्हती. ती सावलीला बसली आणि पाणी उतरायची वाट पाहू लागली. बसल्या बसल्या गुडघा सुजून घट्ट झाला.

उन्हं कलली तसं पाणी हळूहळू मागे सरलं आणि पट्टी वर आली. पांढरी, अगदी फोटोतल्यासारखी. स्वानंदी दगडाला धरून उठली. चालत गेली असती तरी फेरी झाली असती. पण उजवा पाय टेकला आणि गुडघा खालून निघूनच गेला. ती ओल्या वाळूवर पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. मग रांगून पाहिलं. गुडघा टेकताच तोंडातून आवाज निघाला आणि ती तिथेच आडवी झाली.

त्याच पट्टीवरून, समोरून, प्रतापराव आले. सोबत गावातला एक कोळी होता.

"दुपारपासून पलीकडे उभा आहे मी," प्रतापराव म्हणाले. "हा म्हणाला, पाणी उतरल्याशिवाय जाता येत नाही. मीही आधी विचारलं नाही गं कोणाला."

कोळ्याने तिला पाठुंगळीला घेतलं. "स्वल्प हळू," प्रतापराव त्याला सांगत राहिले. खडक बघता बघता मागे पडला. एवढंसंच राहिलं होतं.

माडापाशी प्रतापरावांनी कोळ्याला थांबवलं.

"लाव हात. दुसऱ्या बाजूनेच आलीस ना?"

माड हाताच्या अंतरावर होता.

"लाव गं, अक्का. इथे कोण बघतंय?"

पळायच्या कपड्यांना खिसा नव्हता. तिने दोन्ही हात कोळ्याच्या गळ्याभोवती तसेच गुंफून ठेवले आणि तोंड समुद्राकडे फिरवलं. मग प्रतापरावांनी मान खाली घातली आणि कोळी गाडीकडे चालू लागला.