थांब्यावर थांबा

लालबागच्या चाळीतली आकांक्षा डिबगर बनवते, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन. "म्हणजे करतेस काय गो?" असं बाबांनी विचारलं की ती नळावरची रांग दाखवायची. कळशी ठेवून माणूस घरात जातो, नंबर आला की रांग अडते आणि "कुणाची रे कळशी?" म्हणून बोंब होते. तसंच हे. प्रोग्राम चालवणारं व्हर्च्युअल मशीन एकामागून एक हुकूम वाचत सुटतं. जिथे अडवायचं, तिथला खरा हुकूम डिबगर उचलून बाजूला जपतो आणि त्या जागी 'थांब' ठेवतो. आत डोकावून झालं की खरा हुकूम परत जागेवर.

परवा मशीन एकाच ओळीवर अडून बसलं, ढिम्म हलेना. चूक आकांक्षाचीच. एकाच जागी दोनदा ब्रेकपॉइंट, म्हणजे तो 'थांब', लागला, आणि दुसऱ्या वेळी डिबगरने आधीचा 'थांब'च खरा हुकूम समजून जपला. खरा गेला तो गेलाच! दुरुस्ती सोपी होती, तिने ती केली.

पण रविवारी बांगड्याचं तिखलं ढवळताना तिचा डाव टोपातच थांबला. आई, रखमा, जाऊन दोन वर्षं झाली. पहिल्यांदा तिने आईची चव आठवून तिखलं केलं होतं. नंतर? नंतर दर वेळी मागच्या रविवारची, स्वतःच्याच हातची! मग आईची चव गेली कुठे? कितीही आठवली तरी जिभेवर येईना, आणि आकांक्षाला रडू फुटलं.

"बाबा, खरं सांगा. आईसारखं होतं का हो हे?"

रखमा होती तेव्हा बाबा पानावर बसले की त्यांचं तोंड सुरू: मीठ कमी, कोकम जास्त. लेकीला मात्र कधी एक शब्द नाही. मुकाट जेवायचे, "छान" म्हणायचे.

"नाय गो बाय. तुझी आयस तिरफळं ठेचून घालायची. तू अख्खी टाकतेस."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू हेपण करायचं सोडलं असतंस तर?"

तिने उरलेल्या बांगड्यांचा नवा टोप चढवला, तिरफळं ठेचून घातली. वास उठला. अगं बाई, हाच तो! आई मागेच उभी आहे असं वाटलं, पण वळून बघायचा धीर होईना.

पहिला घास घेऊन बाबा थांबले. मान वर न करताच म्हणाले, "मीठ कमी पडलंय गो रखमा."

मीठ अगदी बरोबर होतं. आकांक्षाने तरी बरणी उघडली आणि त्यांच्या पानात चिमूटभर वाढलं.