मामांच्या खिशातल्या चिठ्ठ्या

आमच्या मामांइतका पोहोचलेला प्रॉडक्ट ओनर पुण्यात नाही, बंगळुरात नाही, आणि सातासमुद्रापलीकडे एखादा असलाच तर त्याला मेंढरं राखता येत नसणार, म्हणजे तोही कच्चाच. सॉफ्टवेअरच्या धंद्यात काय आधी करायचं, काय मागाहून आणि काय मुळीच करायचं नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. त्यासाठी लोक शिकवण्या लावतात, परीक्षा देतात, सर्टिफिकिटं भिंतीवर टांगतात. मामा चौथीतून शाळा सोडून मेंढरांमागे गेले होते. तसे ते माझे सख्खे मामा नव्हेत. दौलताबादच्या पलीकडच्या, आईच्या माहेरच्या गावचे. आणि आईच्या माहेरचं कुत्रं दारात आलं तरी आमच्याकडे त्याला मामा म्हणावं लागतं.

ती दुष्काळाची वर्षं होती. पैठणच्या धरणात पाण्यापेक्षा चिखल जास्त दिसायचा, आणि शहर मात्र जणू पाऊस धो धो पडतोय अशा थाटात वाढत होतं. नळ पोचायच्या आत लोक राहायला जायचे, मग तिथे टँकर जायचा. चाऱ्यापायी मामांची मेंढरं विकली गेली होती आणि ते शहरात येऊन एका टँकरमालकाकडे मुकादम झाले होते. कोणती गाडी कोणत्या वस्तीत जाणार, हे ते कानाला फोन लावून ठरवत. या मालकाने टँकरचं ॲप करायचं काम पुंडलिकनगरातल्या आमच्या छोट्याशा कंपनीला दिलं आणि आपल्या बाजूने प्रॉडक्ट ओनर म्हणून बसायला मुकादमांना पाठवून दिलं. लाल फेटा, हातात काठी, अंगात भला मोठा खिसा असलेली पैरण. आत आल्या आल्या त्यांनी सगळ्यांदेखत मला हाक मारली, "का भाचेराव, तब्येत काहून उतरली?" मी त्या ऑफिसातला प्रोग्रामर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या साहेबांनी पुण्याहून एक नवी पद्धत शिकून आणली होती. रोज सकाळी साडेनऊला सगळ्यांनी उभ्याने बैठक घ्यायची. उभ्याने अशासाठी, की पाय दुखायला लागले म्हणजे माणूस बोलणं आवरतं घेतो. मामांपुढे हा डाव साफ फसला. काठीवर हनुवटी टेकवून, एक पाऊल दुसऱ्या गुडघ्याला लावून ते उभे राहिले की दिवस मावळेपर्यंत हलायचे नाहीत. माळावर आयुष्य असंच गेलेलं. "बोला निवांत, आपल्याला टाईमच टाईम हाय," म्हणायचे आणि प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी साहेबांनीच खुर्ची ओढली.

करायचं प्रत्येक काम आम्ही एकेका चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवत असू. मामा एकेक चिठ्ठी वाचून घेत आणि विचारत, "हे कुणासाठी?" ग्राहकासाठी, असं उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न, "कोण? ऱ्हातो कुठं?" ज्याचं नाव-गाव सांगता आलं नाही ती चिठ्ठी भिंतीवरून निघून मामांच्या खिशात जाई. साहेबांना नकाशावर हलणारा टँकर हवा होता, तो जवळ आला की भोंगा वाजणारा. मामा म्हणाले, "नकाशा बघून हंडा भरतो का साहेब? गाडी निघाली का नाय तेवढं सांगा त्या बाईला. तिला कामावर जायचं असतंय." नकाशा खिशात गेला. भोंगाही गेला. मामांना नाही म्हणताना कधी आवाज चढवावा लागला नाही, आणि खिशात गेलेली चिठ्ठी परत भिंतीवर आलेली मी पाहिली नाही. एकदा साहेबांनी पाच चिठ्ठ्यांवर 'सर्वांत महत्त्वाचे' असं लाल शाईने लिहून ठेवलं. मामांनी त्या पाचही काढून एकाखाली एक लावल्या. "हौदावर समदी मेंढरं एकदम सोडली की दांडगी पितेत अन् कोकरं चेंगरतेत. लंगडं आधी, मग गाभण, मग बाकीची. दांडग्याची फिकीर करू नका, ते कसंबी पितंय."

आणि काम झालं म्हणून आम्ही सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नसे. फोन घेऊन ते थेट वस्तीत जात, कडेवर लेकरू असलेल्या एखाद्या बाईच्या ओल्या हातात तो ठेवत आणि गप्प बघत बसत. संध्याकाळी येऊन सांगत, "एका हातानं चालंना. तिचा दुसरा हात रिकामा कवाच नसतोय." मग आम्ही बटण मोठं करायचो. त्या बटणावर माझे चार दिवस गेले, आणि आज सांगतो, इतकं नेटकं काम मी नंतर कधी केलं नाही.

त्या भिंतीवर मामांची स्वतःची एकच चिठ्ठी होती. पहिल्याच दिवशी त्यांनी ती मला सांगून लिहवून घेतली होती: गाड्यांचा नंबर आपोआप लागावा. ज्या गल्लीला पाणी मिळून जास्त दिवस झाले ती पहिली, तिथून फोन येवो न येवो. लिहिताना मला काही वाटलं नाही. उजेड पडायला दोन आठवडे लागले. गाड्यांचा नंबर आपोआप लागला, तर मुकादम हवाच कशाला? त्या दिवसापासून मी ती चिठ्ठी गुपचूप तळाला सरकवू लागलो. रोज सकाळी मामा काठीच्या टोकाने ती वर सरकवत.

शेवटी एका दुपारी जिन्यात भाकरी खाताना मी त्यांना विचारलंच, "मामा, ही चिठ्ठी झाली की तुमचं काम जाईल, कळतंय का तुम्हाला?"

"व्हय की." त्यांनी कांदा फोडला. "शेवटच्या गल्लीत एक बाई हाय. नवरा अंथरुणावर. तिनं कधी फोन केला नाय, अन् म्या ज्याचा फोन येईल त्याला गाडी धाडायलो. आठ दिवस तिकडं गाडी गेली नाय. सहज गेलो तवा बघितलं. तिनं मला पाणी दिलं, भाचेराव. पाव्हणा आला म्हणून. पेलाभरच व्हतं घरात."

"मग?"

"म्या पिलो नाय. अन् नाय पिलो त्याचीबी लाज वाटली." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "वरडतं ते मेंढरू मेंढक्याला दिसतंच. मुकं ऱ्हातं ते मोजावं लागतंय. माझं मोजायचं ऱ्हायलं. आता मशीनला मोजू द्या."

मला राहवलं नाही. त्या संध्याकाळी मी एक नवी चिठ्ठी लिहिली: मुकादमाने यादी पाहून होकार दिल्याशिवाय गाडी हलू नये. सकाळी ती भिंतीवर सगळ्यांत वर लावली. मामांनी ती वाचून घेतली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "हे कुणासाठी?" "तुमच्यासाठी, मामा," मी म्हणालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी गुडघ्याला लावलेलं पाऊल खाली टेकवलं. चिठ्ठी हळूच काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मग काठीने आपली चिठ्ठी दाखवून म्हणाले, "चला, हिला हात घाला."

आम्ही हात घातला. ॲप सुरू झालं. पहिल्याच दिवशी पहिली गाडी शेवटच्या गल्लीत गेली, कोणाचाही फोन न येता. मालक भला माणूस होता, पण महिना संपताना त्याने मामांना सांगितलंच की आता तशी गरज नाही. मामा गावी गेले. आमची साडेनऊची बैठक पुन्हा पाच मिनिटांत उरकू लागली, आणि मला ते अजिबात आवडेनासं झालं.

पुढच्या वर्षी त्यांना भेटायला गेलो. अंगणात चार शेळ्या, दोन करडं. मामी चुलीवर चहा ठेवत म्हणाल्या, "तुमच्या मामाच्या खिशातून काय कागदं निघाले हो! पंधरा दिवस चूल पेटवायला पुरले." साहेबांचा नकाशा आणि भोंगा असे धूर होऊन गेले हे ऐकून मी पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत. उठून देवाच्या फोटोमागे हात घातला आणि घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे धरला. अक्षर माझंच होतं, मुकादमाच्या होकाराची ती चिठ्ठी.

"ही नाय जाळू दिली," ते म्हणाले. "हिच्यात कुणासाठी ते ठावं व्हतं."

माझे डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही. मामांनी तिकडे पाहिलं नाही. कागद पुन्हा फोटोमागे ठेवून ते बादली घेऊन करडांना पाणी दाखवायला गेले. त्यातलं एक लंगडत होतं, त्याला आधी पाजलं.