घरभर कार्पेट

सासूबाई उमरठच्या वरच्या वाडीतून आमच्याकडे महाडला राहायला आल्या, त्या आपली काठी घेऊनच. जाडजूड काठी, टोकाला लोखंडी टोपी. जन्मभर गुरं राखलेली बाई. पहाटे जाग यायची आणि जाग आल्यावर पडून राहणं त्यांना जमायचं नाही. मग हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या सुरू. ठक, ठक, ठक. पुराचा अनुभव घेतल्यावर आम्ही मुद्दाम वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. आमच्या बरोबर खाली एक निवृत्त मुख्याध्यापक एकटेच राहायचे. सगळे त्यांना काका म्हणत.

सासूबाई येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच काका वर आले. "ताई, तुमच्याकडे पहाटे मसाला कुटतात का?"

मी काठीला रबराचं बूच आणलं. दुपारपर्यंत ते खिडकीत जाऊन बसलं होतं. "चिकटतं गो लादीला," सासूबाई म्हणाल्या, "मी पडन ना." दुसरी हलकी काठी आणली, तर तिचा उपयोग त्या पडदा सरकवायला करू लागल्या. काकांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, तेव्हा सगळ्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुण्याचा माझा भाऊ म्हणाला, "आमच्या ऑफिसात आहे तसं घरभर कार्पेट घाल. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आवाज जिरून जातो."

मला पटलं. माझ्या नवऱ्याला नाही. "अगं, इथं पावसाळ्यात डब्यातल्या डब्यात पापड मऊ पडतात. कार्पेट कोरडं राहील?"

"मग तुम्ही सुचवा दुसरं काही."

ते पेपर वाचू लागले.

बाजारातल्या दुकानात चौकशी केली, तर दुकानदाराने विचारलं, "लग्न कधीचं आहे?" त्याच्याकडे मांडवात अंथरतात ते लाल-हिरवं कार्पेट होतं, पोतेऱ्यासारखं पातळ. घरासाठी हवंय म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने नमुन्यांचं पुस्तक मागवून दिलं. तळहाताएवढे तुकडे चिकटवलेलं ते जाड पुस्तक मी घरी आणलं आणि तिथून माझं डोकं फिरायला लागलं.

नवरा म्हणे गडद घे, मळ दिसणार नाही. लेक म्हणे फिकट घे, खोली मोठी दिसते. काकांना कुठून कळलं देव जाणे, तेही आले आणि सोफ्यावर बसून एकेक तुकडा चिमटीत धरून जाडी बघू लागले. "हे नको. यातून ऐकू येईल." घर माझं, आणि पसंती खालच्या मजल्याची!

सासूबाईंनी एक तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "ह्ये धुवायचं कसं?"

"धुवायचं नसतं, नुसतं झाडायचं," मी म्हटलं.

"मंग कशाला सगल्या घराला घोंगडं पांघरताव?"

शेवटी राखाडी रंगाचं, सगळ्यांत जाड कार्पेट मी ठरवलं. आवडलं म्हणून नाही. त्या पुस्तकाचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं म्हणून. बसवणारे आले, गोंद लावून, कडा कापून गेले. मग लक्षात आलं, एकही दार उघडत नाही. सुताराला बोलावून सगळी दारं खालून तासून घेतली. नव्याकोऱ्या कार्पेटवर भुसा पडला आणि तो झाडूने निघेना. मी चिमटीने वेचत बसले.

आवाज मात्र बंद झाला. आणि सासूबाईंचं चालणंही. काठीचं टोक त्या लवीत अडकायचं. "चिखलात उभं ऱ्हायल्यागत वाटतं. पाय कुठं टेकला तेच कलत नाय." मी हात धरते म्हटलं तरी नको म्हणायच्या. दिवसभर पलंगावर बसून राहायला लागल्या. गुडघे धरले. नवरा रोज संध्याकाळी तेल चोळत बसायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत.

अशातच एका सकाळी दारात काका उभे. आता काय, म्हणून मी कपाळाला आठ्या घालूनच दार उघडलं.

"ताई, आजी बऱ्या आहेत ना?"

"का हो?"

"नाही, पहाटे आवाज येत नाही. मी त्या आवाजावर उठायला लागलो होतो. आता झोप लागून राहते, दूधवाला बेल वाजवून निघून जातो."

"काका, अहो, तुमच्यासाठीच तर केलं ना हे सगळं!" माझा आवाज चढला. आतून लेक बाहेर आली.

"हो, ते खरंच," ते ओशाळून म्हणाले, "पण सवय होते हो माणसाला." आणि आत जाऊन सासूबाईंची चौकशी करून गेले.

त्याच दुपारी मी सुरी घेऊन हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंतचा पट्टा कापून काढला. खाली लादीवर गोंदाचे थर. ते खरवडता खरवडता बोटं सोलली. सासूबाई दारात येऊन बघत होत्या. भिंतीला हात लावत त्या लादीवर उतरल्या, काठी टेकवली, थोडं चालल्या, दमून बसल्या, पुन्हा उठल्या. हळूहळू त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि काकांनी त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

खोल्यांमधलं कार्पेट मी हट्टाने ठेवलं होतं. पाऊस लागला तसा त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास यायला लागला, मग कडेने काळी बुरशी चढली. एका रविवारी नवऱ्याने ते उपटलं, गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून खाली नेलं. "मी सांगत होतो" एवढं जरी ते म्हणाले असते, तरी मला कडाकडा भांडता आलं असतं. पण वर येऊन हात धुतले आणि जेवायला वाढ म्हणाले.