घरी घेतलेल्या सह्या

एक माणूस कमी दिसला तरी सभाबाई सभेत बसत नसे. आमच्या भामरागडकडच्या गावात सगळे तिला याच नावाने हाक मारत. ग्रामसभा झाडाखाली जमायची आणि ही रजिस्टर काखेत मारून न आलेल्यांच्या दारी. बाळंतीण असो की पाय मोडलेला म्हातारा, बाजेपाशी बसून विषय समजावून सांगायची, हो की नाही विचारायची, मग अंगठा घ्यायची. "त्यायले येता येत नाई, तं सभेनं जावं," म्हणायची.

तिला वाचता येत नव्हतं. आठवीपासून रजिस्टर मी लिहायचे. आमच्या घरात शाळेत गेलेली मीच पहिली. कोणी नकार दिला तर ती तोही लिहायला लावायची. "त्याचा नाई बी आपलाच हाये. लिही."

मग गावात पक्ष आले. सरपंच एका पक्षाचा झाला, तसे दुसऱ्या पक्षाचे लोक सभेला येईनासे झाले. कोरम मोडला की गावाचा निर्णय टिकत नाही, सगळं वरच्या कार्यालयाकडे जातं, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं. ती त्यांच्याही दारात जायची. एकजण म्हणाला, "बाई, तू त्यायची हायेस." ती म्हणाली, "माह्या घरावर झेंडा कुठी दिसला तुले? चूल हाये. ये, च्या पी अन् अंगठा दे."

त्या वर्षी असेच घरोघरचे अंगठे धरून ठराव झाला, की आमच्या जंगलातला बांबू गावच तोडेल, गावच विकेल, ठेकेदार नको.

मी तेव्हा गडचिरोलीला कॉलेजात होते, सभेपुरती रजिस्टर लिहायला गावी यायचे. दुसऱ्या पक्षाचे तालुक्याचे पुढारी, भाऊ, यांनी मला वसतिगृहात जागा मिळवून दिली होती. ते म्हणाले, "एक अर्ज लिहून दे, पोरी. तुह्यं अक्षर चांगलं हाये." अर्जात लिहायचं होतं: सह्या घरोघरी घेतल्या, सभेच्या जागी कोरम नव्हता, ठराव रद्द करावा. प्रत्येक वाक्य खरं होतं. का, एवढंही मी विचारलं नाही. लिहिलं.

ठराव रद्द झाला. आमच्या जंगलाचं वरच्या कार्यालयाने ठरवलं आणि ठेकेदार आला. भाऊंनी गुलाल उधळला. सरपंचाच्या पक्षाने मोर्चा काढला, फोटो काढले आणि सगळे घरी गेले. बांबूचं यांच्यापैकी कोणालाच पडलं नव्हतं. एकमेकांना पाडायचं होतं. कधी नव्हे तो गावाच्या हातात आलेला अधिकार या दोघांनी मिळून परत वर नेऊन दिला. आणि मी त्यांना कागद लिहून दिला. हे मी लाजेने लिहिते आहे की रागाने, मला नीट सांगता येत नाही.

अर्जाची प्रत पंचायतीत आली होती. सभाबाईने ती माझ्यासमोर धरली. वाचता येत नसलं तरी माझं अक्षर ती ओळखायची. ओळींवरून बोट फिरवत राहिली.

"अक्षर चांगलंच हाये तुह्यं, माय," एवढंच म्हणाली. रजिस्टर पुन्हा कधी माझ्यापुढे ठेवलं नाही.

मागच्या वर्षी ती गेली. मातीला दोन्ही पक्षांचे लोक आले. पाय मोडलेला तो म्हाताराही काठी टेकत आला. परतताना जंगलातल्या वाटेवर समोरून बांबूने भरलेला ट्रक आला, हॉर्न वाजवत. दोन्ही पक्षांची माणसं मुकाट्याने कडेला सरली.

मीही सरले.