इंजिनाला सप्रेम भेट

"खोल घाल! अजून खोल! उद्या हे विमानाबरोबर ढगातनं जाणार, पुसलं गेलं तर काय सुई घेऊन आभाळात येणार आहेस?"

आमचे शेठ ओरडत होते. उल्हासनगरच्या भांड्यांच्या बाजारात, एका दुकानाच्या पायरीवर उभे राहून. आवाज असा, की आजूबाजूच्या दुकानांत टांगलेल्या पराती ठोका न मारता वाजत होत्या. खाली गोणपाटावर बसलेले सिंधी काका हातातलं मशीन उचलून थबकले होते. मशीन म्हणजे भुंग्यासारखा घूं घूं करणारा जाडजूड पेन, टोकाला सुई. त्या सुईने काकांनी अर्ध्या ठाणे जिल्ह्याच्या लग्नातल्या तांब्या-पातेल्यांवर नावं घातली असतील. आज मात्र त्यांच्या मांडीवर पातेलं नव्हतं. जेट इंजिनाला बसवायचं पॅनल होतं, आणि ते मी बनवलं होतं.

आता अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडचा आणि जेट इंजिनाचा संबंध काय, हे कुणीही विचारेल. मलाही सासरेबुवांनी विचारलंच होतं. आमच्या शेडला शेठ 'कंपनी' म्हणायचे, नगरपालिका 'बांधकाम' म्हणायची आणि पावसाळ्यात बेडूक 'घर' म्हणायचे. तिथे आम्ही फायबरचे दरवाजे बनवायचो. संडासाचे. निळे, हिरवे, आणि एक तिसरा रंग, ज्याला शेठ 'क्रीम' म्हणायचे आणि गिऱ्हाईक 'हा असा पिवळा का पडलाय' म्हणायचं. मी साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचो, ब्रशने रेझिन, म्हणजे चिकट राळ, पाजायचो, रोलर फिरवून हवा काढायचो. बदलापूर ते कल्याण या पट्ट्यातली माणसं सकाळी ज्या दाराला आतून कडी घालतात, त्यातली निम्मी दारं माझ्या हातची आहेत. हा अभिमान मी कुठे मिरवायचा?

मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता?"

"फायबरमध्ये आहे."

"फायबरमध्ये म्हणजे?"

"दरवाजे."

"कसले?"

मी खिडकीबाहेर बघितलं. माझ्या मामाने सांगून टाकलं. त्यावर ते गृहस्थ फक्त "हं" म्हणाले. मुलगी मिळाली, कारण तिलाच मी पसंत पडलो; पण ते "हं" लग्नाच्या प्रत्येक पंगतीत माझ्या शेजारी जेवायला बसलं होतं. बदलापुरात, मांजर्लीतल्या आमच्या गल्लीत पोरं मला लांबून बघितलं की नाक धरायची. दरवाजे कोरे करकरीत असतात हो, वास कसला येतोय!

म्हणून जेव्हा पुण्याची एक कंपनी आमच्यासारख्या शेड हुडकत आली, तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं. दोन हजारच्या दशकाची शेवटची वर्षं होती. ज्याच्याकडे एक ड्रिल आणि एक व्हिजिटिंग कार्ड आहे तो प्रत्येक जण स्वतःला एक्स्पोर्टर म्हणवत होता. या कंपनीला परदेशातल्या इंजिनवाल्यांसाठी पॅनल हवं होतं. नमुना द्या, मॅडम येऊन तपासतील, पास झाला तर काम तुमचं.

काम असं. जेट इंजिनाच्या अंगावर वायरींचा असा गुंता असतो, की गारुड्याच्या टोपलीत सापांना उभं राहायला जागा जास्त. इंजिन थरथरतं, वायर वायरीवर घासते, पट्टे ढिले होतात, आणि दुरुस्तीवाला त्या जंजाळात हात घालून आपल्या आईला हाका मारतो. म्हणून कुणीतरी डोकं चालवलं, की वायरी टांगायच्याच नाहीत. कागदाएवढ्या पातळ पट्टीवर तांब्याच्या रेघा आखायच्या, ती पट्टी फायबरच्या थरांमध्ये घालायची, रेझिन पाजायचं, हवा ओढून घेऊन भाजायचं. बाहेर येतो तो लाकडासारखा टणक, इंजिनाच्या पोटाला मिळेल असा वाकवलेला तुकडा. वायर दिसत नाही, हलत नाही, घासत नाही. पोळीत पुरण असावं तशी. फक्त पोळी फुटली तर पुरण ताटात पडतं, हे फुटलं तर विमान.

पट्टी पुण्याहून आली, काळं कापडही आलं. बाकी सगळं आमचं. हवा ओढायला भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. भट्टी उल्हासनगरच्या एका बंद पडलेल्या बेकरीची. त्या भट्टीत खारीचा वास इतका मुरला होता, की पॅनल भाजायला टाकलं की शेजारच्या शेडमधली माणसं कप घेऊन दारात यायची. पहिलं पॅनल भटुऱ्यासारखं फुगलं. दुसऱ्याला असा पीळ पडला, की शेठ म्हणाले, पंख्याचं पातं म्हणून विकू. मी जेवणाच्या सुट्टीत कापड कापत बसलो, रविवारी साचा घासत बसलो, शिवमंदिरात जाऊन नारळ फोडला. गाभाऱ्यात उतरून महादेवाला समजावून सांगितलं, की बाबा, हजार वर्षं तू दगडात आहेस, तुला टणकपणाचं कळतं, एवढं एक काम कर.

आणि जमलं. मागच्या साऱ्या पॅनलांनी माझी माफी मागावी असं ते पॅनल निघालं. काळंभोर, ओल्या पाठीच्या म्हशीसारखं चमकणारं. बोटाने वाजवलं तर टण्ण. एका कडेच्या पिनेला मीटरची लाल सुई लावावी, दुसऱ्या कडेच्या पिनेला काळी, की मीटर पीं करायचं. म्हणजे आतली रेघ अखंड आहे. प्रत्येक रेघेला पीं. मी त्या दिवशी इतकी पीं पीं केली, की बाहेर एक रिक्षावाला बाजूला झाला. दुसऱ्या दिवशी मॅडम येणार होत्या. शेठनी कबूल केलं होतं की काम मिळालं तर दरवाजे बंद, शेडला नवा पत्रा, आणि या विभागाचा मुख्य मी. मी मनात सासऱ्यांसमोर बसून "कसले?" या प्रश्नाची वाट बघत होतो.

शेठ आले. पॅनल उलटसुलट करून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "ह्याच्यावर नाव कुठाय?"

या माणसाची हौस सांगितली पाहिजे. ह्याने आयुष्यात एक वस्तू अशी दिली नाही, जिच्यावर देणाऱ्याचं नाव नाही. स्मशानातल्या बाकड्यावर ह्याचं नाव. रडायला बसलेला माणूस उठला की पाठीवर ते उलटं उमटतं. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर नाव. गणपती मंडळाला विसर्जनाची हातगाडी दिली, तर नाव अशा उंचीवर घातलं, की गाडी उल्हास नदीत अर्धी बुडाली तरी वाचता यावं. देव बुडाला तर बुडाला. बँकेच्या काउंटरवर दोरीने बांधलेला पेन असतो, तोसुद्धा ह्याला दिला असता तर ह्याने दोरीवर नाव घातलं असतं.

मी म्हटलं, "शेठ, नमुना आहे तो. स्टिकर लावू."

"स्टिकर निघतो."

"कंपनीचा शिक्का मारू शाईने."

"शाई काय कायमची असते? पुसते ती. आपल्या बापाचं नाव पुसायचं?"

"शेठ, आत वायर आहे."

"आत आहे ना?" शेठ म्हणाले, लहान मुलाला बेरीज शिकवावी तसे. "मग? नाव वर येणार."

ह्या माणसाच्या डोक्यातही आत काही असेल म्हणून मी बरीच वर्षं नोकरी केली होती. त्या दिवशी मला कळलं, की तिथे पुरण नाही, नुसती पोळी आहे.

पॅनल चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं. वालधुनीच्या पुलावरनं गेलो तेव्हा कारखान्यांच्या सांडपाण्याने नदी हिरवी होती; आदल्या आठवड्यात जांभळी होती. शेठ नदीकडे बघून म्हणाले, "कलर बघ काय मारलाय." असा माणूस जेट इंजिनाला हात लावायला निघाला होता.

काकांनी पॅनल मांडीवर घेतलं, ठोकून पाहिलं. "साईं, ये कौनसा बर्तन है?"

"बर्तन नाही, विमानाचं आहे," शेठ म्हणाले.

"विमान का ढक्कन?"

"ढक्कनच समज. नाव घाल."

"लडकेवालों की तरफ से या लडकीवालों की?"

मजकूर शेठनी घरून ठरवून आणला होता. आधी कैलासवासी वडील, पूर्ण नावाने. मग 'यांच्या स्मरणार्थ'. मग शेठ स्वतः, मग सौभाग्यवती, मग गावाचं नाव, मग 'यांजकडून सप्रेम भेट'. कुणाला भेट? इंजिनाला. परदेशात बनलेलं इंजिन, ते आमच्या शेठचं प्रेम स्वीकारून मग हवेत चढणार.

काकांनी सुई टेकवली. वरचा थर अंगठ्याच्या नखाएवढाच जाड. पहिली दोन अक्षरं उथळ उठली, तेव्हाच ते ओरडणं सुरू झालं, खोल घाल, अजून खोल. मी काकांचा हात धरला. म्हटलं, "काका, नका, आत तांबं आहे." शेठनी माझा हात धरला. आम्ही तिघे एकमेकांचे हात धरून त्या पायरीवर असे उभे-बसलेले, की एका गिऱ्हाइकाला वाटलं साखरपुडा चाललाय.

"माल कोणाचा?" शेठ म्हणाले.

"तुमचा."

"मग हात सोड."

सोडला. मशीन पुन्हा घूं घूं करायला लागलं. वडिलांच्या नावाच्या मधोमध आल्यावर काका एकदम थांबले, चष्मा वर केला. "साईं! अंदर से तांबा निकला!"

मी डोळे मिटले. शेठ खाली वाकले. त्या काळ्या पॅनलवर अक्षरांच्या खाचांत तांब्याची रेघ चमकत होती, एक नाही, ओळीने कितीतरी.

"अरे वा!" शेठ म्हणाले. "सोनेरी आली की अक्षरं! हे तर मी सांगितलंपण नव्हतं!"

"माल अच्छा है," काका म्हणाले, उरलेला मजकूर पुरा केला आणि खूश होऊन कडेला, बरोबर पिनांच्या जवळ, पाच पाकळ्यांचं एक फूल काढलं. "फूल मेरी तरफ से."

शेडमध्ये परतल्या परतल्या मी मीटर लावलं. काही नाही. दुसरी पिन. काही नाही. कडेच्या एक-दोन रेघा, जिथे फक्त उथळ उठलेलं 'कै' टेकलं होतं, तेवढ्या बारीक आवाजात पीं म्हणाल्या. बाकी कैलासवासींच्या नावाखाली सगळं शांत. मी शेठना दाखवलं.

"तुझ्या मीटरचा सेल गेलाय," शेठ म्हणाले. "आणि असा तोंड पाडून उभा राहू नको उद्या. शाल-श्रीफळ आणलंय मी मॅडमसाठी."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पाठीला बॅग, केसांना रबर, वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं. शेठनी शाल पुढे केली. त्यांनी ती टेबलावर ठेवून तिच्यावर आपलं तपासायचं मशीन ठेवलं, टेबल चिकट होतं म्हणून. मग पॅनल उचललं. कडा बघितल्या, पाठ बघितली, बोटाने वाजवलं. मान हलली. मला वाटलं, चमत्कार होतो की काय. मग त्यांनी पुढची बाजू केली आणि वाचायला लागल्या. पूर्ण वाचलं, फुलासकट. चेहऱ्यावर काही नाही. असा चेहरा मी फक्त पासपोर्ट ऑफिसात बघितला आहे.

"हे कशानं केलं?"

"हातानं!" शेठ छाती काढून म्हणाले. "खास कारागीर लावला. मॅडम, आपल्याकडे पद्धत आहे. विमान जगभर फिरणार, कुठलं काम आहे ते कळायला पाहिजे ना!"

मॅडमनी मशीनच्या सुया पिनांना लावल्या. एकेक करून तपासलं. एवढी शांतता आमच्या शेडमध्ये गांधी जयंतीलासुद्धा नसते. कॉम्प्रेसरनेही श्वास धरला होता. शेठ मधेच म्हणाले, "सेल चेक करा हवं तर." मॅडमनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंगाने वडिलांच्या नावाच्या खाचा पाहिल्या, मग पॅनल चादरीवर ठेवलं.

"रेझिनची भरणी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "एक बुडबुडा नाही. कुणी केली?"

शेठनी तोंड उघडलं, पण मी हात वर केला होता. शाळेत उत्तर येत असताना कधी केला नाही असा.

"चांगली आहे," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि मशीन बॅगेत भरायला लागल्या.

शेठ म्हणाले, "मग पास समजायचं का?"

मॅडमनी शाल घडी करून त्यांच्या हातात दिली, नारळ वर ठेवला आणि बाहेर पडल्या. शेठ नारळ धरून उभे. मला म्हणाले, "बघ, पुण्याची माणसं! नाव वाचून साधं छान म्हणाली नाहीत."

मी धावलो. रिक्षा फाटकाबाहेर वळत होती. दांडी धरून म्हटलं, "मॅडम, आठ दिवस द्या. कापड उरलंय, साचा तयार आहे, पट्टी मी स्वतः पुण्याला येऊन घेऊन जातो. असंच दुसरं बनवून देतो. ह्याहून चांगलं देतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे, शेडच्या दारात उभ्या असलेल्या शेठकडे.

"तुम्ही बनवाल," त्या म्हणाल्या. "ते नाव घालतील."